श्वासापुरतं गाणं

नाशिक, १५ ऑक्टोबर २०२५

नंदू,

खोकं पोचलं. पाठवणाऱ्याचं नाव कुठे नाही, पण पत्त्यात ‘संपदाताई गायधनी’ असं छापलंय. ऑनलाइन वस्तू मागवतानासुद्धा माझ्या नावाला ताई लावणारं माणूस या जगात एकच आहे आणि ते गुवाहाटीला राहतं.

बाहेरच्या चित्रावरून कळलं, की खोलीतली हवा शुद्ध करायचं मशीन आहे. मी उघडलेलं नाही. उघडणारही नाही. सध्या ते गाण्याच्या खोलीत कोपऱ्यात उभं आहे आणि त्यावर मी इस्त्रीचे कपडे ठेवते. उंची सोयीची आहे.

तू म्हणशील, फोन करून सांगायचं. फोनवर आपल्या दोघींचं काय होतं ते तुला माहीत आहे. तू मध्येच बोलतेस, मी मध्येच ठेवते. शिवाय हल्ली फोनवर बोलणं मला जमत नाही. म्हणजे आवडत नाही. पत्र बरं. वाक्य हवं तिथे थांबवता येतं, उठून पाणी पिऊन येता येतं, आणि पलीकडच्याला काही कळत नाही.

माझी तब्येत उत्तम आहे. तुला काही वेगळं कळलं असेल तर ते रोहिणीने कळवलं असणार. आपल्या खालच्या मजल्यावरची रोहिणी गं, महापालिकेच्या शाळेत शिकवते, चाळिशीत येऊन माझ्याकडे गाणं शिकायला लागली, ती. आईच्या वर्षश्राद्धाला तिने तुझा नंबर घेतला होता हे मी विसरलेले नाही. थोडा खोकला आहे, एवढंच. समोरचा रस्ता खोदून ठेवलाय. अर्धं गाव खोदलंय, आपल्यालाच काही वेगळं नाही. गॅलरीतल्या तुळशीचं पान बोटाने पुसलं तर खालून हिरवं निघतं, नाहीतर ती मातीचीच वाटते. संध्याकाळी ऊन त्या धुळीतून येतं आणि सगळी गल्ली केशर कालवल्यासारखी दिसते. दिसायला फार सुंदर असतं ते. बघत बसते मी.

वर्षश्राद्धाचं नाव निघालंच आहे तर लिहिते. याच खोलीत, जेवणाची पानं उचलायच्या आधी तू म्हणालीस, “ताई, आता गाणं बंद कर. तुझ्या छातीचा आवाज मला इथवर ऐकू येतो. माझ्याकडे चल.” येत्या माघात त्याला दोन वर्षं होतील. तू लग्न करून गेलीस, तंबोरा गवसणीत घातलास आणि परत काढला नाहीस. तो तुझा प्रश्न. पण मी का बंद करू? आईने गाणं दोघींना दिलं होतं, आणि ते सांभाळायला मागे मी एकटी राहिले.

खोकं न्यायला माणूस पाठव.

संपदा

नाशिक, ३१ ऑक्टोबर २०२५

नंदू,

खोक्यावरचे कपडे काढले गेलेत. मी नाही काढले.

दिवाळीत मी काही दिवस घरी नव्हते. जरा हवापालट. पाडव्याला तुझा मेसेज आला तेव्हा फोन रोहिणीकडे होता, म्हणून ‘ताई आता बऱ्या आहेत’ असं उत्तर गेलं. त्यातल्या ‘आता’कडे लक्ष देऊ नकोस.

परत आले तर मला माझी खोली ओळखू येईना. सतरंज्या गेलेल्या. आईने शिवलेले जाड पडदे गेलेले, त्यांच्या जागी पातळ सुती. पुस्तकांच्या कपाटाला काचेची दारं. उदबत्तीचं घर रिकामं. आणि मध्ये, भिंतीपासून हातभर अंतर राखून, तुझं ते पांढरं मशीन.

“माझ्या घरात मला न विचारता?” मी रोहिणीला म्हटलं.

“विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता.”

“मग?”

“मग नाही विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी धूळ धरून ठेवणाऱ्या वस्तू बाहेर काढा, धूर बंद करा, मग मशीन लावा. नुसतं मशीन लावून काही होत नाही.”

“आणि ते मध्येच कशाला ठेवलंयस? पाहुण्यासारखं?”

“भिंतीला चिकटवायचं नाही ताई. त्यालाही चारी बाजूंनी हवा ओढायला लागते.”

शाळेतल्या मुलांशी बोलते त्याच आवाजात माझ्याशी बोलते ती. माझी शिष्या आहे, हे मला अधूनमधून स्वतःला सांगावं लागतं.

तिने खिडक्या लावल्या, दाराच्या फटीला जुन्या साडीची घडी लावली आणि बटण दाबलं. मशीनच्या पोटावर एक दिवा आहे. तो लाल लागला. मला तो रागावलेल्या माणसाच्या डोळ्यासारखा वाटला. जणू म्हणत होता, कशात राहत होतात तुम्ही? मी दिवाणावर पडले. रोहिणी तंबोऱ्याची गवसणी पुसत होती. बाहेर रस्त्याचं यंत्र धडधडत होतं, पण खिडकी लावल्यामुळे ते पलीकडच्या गावात असावं तसं ऐकू येत होतं. दिवा पिवळा झाला. मग मला डोळा लागला असावा, कारण पुन्हा पाहिलं तेव्हा तो निळा होता आणि खोलीत दुपार अगदी स्थिर उभी होती. उन्हाच्या तिरपेत एकही कण दिसत नव्हता. लहानपणापासून उन्हात कण नाचताना पाहिलेत गं मी. ते नसतात तेव्हा ऊन पाण्यासारखं दिसतं.

मशीन ठेवून घेतेय. त्याचा अर्थ तू काही लावू नकोस.

संपदा

नाशिक, २३ नोव्हेंबर २०२५

नंदू,

खरं सांगून टाकते, नाहीतर रोहिणी सांगेल. हवापालट वगैरे काही नव्हता. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तुळशीपाशी पणती ठेवायला गॅलरीत गेले. फटाक्यांचा धूर खाली उतरला होता आणि त्यात रस्त्याची धूळ. पणती ठेवली आणि मागे वळून आत येता येईना. चार पावलांवर दार, पण श्वास आतच जाईना. रोहिणी फराळाचं ताट घेऊन वर आली होती म्हणून. तिने आणि तिच्या नवऱ्याने, बुद्धभूषणने, मला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. बुद्धभूषण वाटभर रिक्षावाल्याला खड्डे सांगत होता. चार दिवस तिथे होते.

भीती वाटली का म्हणून विचारशील. मारवा गाताना षड्ज सतत जवळपास असतो आणि हाती लागत नाही ना, तसं वाटलं. फक्त तिथे आपण मुद्दाम लांब राहतो.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दमा आहे आणि बरीच वर्षं आहे. मी खोकला म्हणत राहिले. आता सकाळ-संध्याकाळ पंप ओढते.

मशीन रात्रंदिवस चालू असतं. दुपारी औषध घेऊन पडले की त्याच्या आवाजात मला देवळाली कॅम्पातलं आपलं घर दिसतं. रोज दिसतं. बाबा कॅन्टोन्मेंटच्या ऑफिसात गेलेत, आई भिंतीला टेकून बसली आहे आणि तू त्या निळ्या ठिपक्यांच्या फ्रॉकमध्ये. तोफखान्याचा सराव सुरू झाला की आधी काचा वाजायच्या, मग पायाखालची फरशी, आणि मग कोणी हात न लावता कोपऱ्यातल्या तंबोऱ्याच्या तारा गुणगुणायला लागायच्या. आठवतं? तू म्हणायचीस, “ताई, तोफ गातेय!” आणि आई डोळे न उघडता म्हणायची, “गप्प. सूर लागलाय.”

स्वप्नात तोफा फार लांबून वाजतात, ढगांच्या मागे असाव्यात तशा. खोलीच्या भिंती पातळ होत जातात आणि त्यातून गवताचा माळ दिसतो. मी आ लावते आणि तो संपतच नाही. माळावरून जातो, सॅनेटोरियमच्या व्हरांड्यात शाल पांघरून बसलेल्या त्या मुंबईच्या लोकांपाशी पोचतो. ते हवा खायला यायचे म्हणून आपण हसायचो ना, हवा काय खातात म्हणून? स्वप्नात ते माझ्याकडे बघून हसतात. मग जाग येते. माळ जातो, आई जाते, तू जातेस. तंबोरा तेवढा मागे राहतो. आणि मग कळतं, की तो तंबोरा नाही, मशीन आहे.

परवा मी पेटी काढून बसले. मंद वेगावर ते पांढरी पाचच्या पट्टीत गुणगुणतं. आपला सूर काळी चार. अर्ध्या सुराचा फरक. मी त्याला म्हटलं, “चढ की जरा.” वेग वाढवला तर नुसतं फुरफुरलं. मग दुसऱ्या दिवशी मीच उतरले. गळ्याला ते इतकं सोपं गेलं, की मला रडू आलं. किती वर्षं मी उगाच टाचा वर करून उभी होते.

फुलाबाईला मात्र मशीनचा संशय आहे. ती घोटीकडची, आपल्याकडे धुणं-भांडी करते, आईच्या वेळेपासून आहे. म्हणाली, “ताई, हे धूळ खातंय तर मग मला काढताय का काय?” मी तिला मागची जाळी काढून दिली आणि नळाखाली धुवायला सांगितली. ती मोरीत बसून बराच वेळ बघत राहिली. “आरं देवा. लय धूळ हाय हो. ही समदी तुमच्या छातीत जात व्हती?”

मी पुढे होऊन नळ मोठा सोडला.

ताई

नाशिक, २० डिसेंबर २०२५

नंदू,

तुझं पत्र आलं. म्हणजे पत्र कसलं, सूचनाफलक. जाळी दर पंधरा दिवसांनी धुवायची. आतला फिल्टर धुवायचा नाही, बदलायचा. विजेचं बिल बघून मशीन बंद करायचं नाही. सकाळी शेजारचे पाला जाळत असतील तर खिडकी उघडायची नाही, दुपारी वारा असेल तेव्हा थोडा वेळ उघडायची. पंप सोडायचा नाही, सोडायचा नाही, सोडायचा नाही. तीनदा. खाली नुसतं ‘स्वानंदी’. आधी ‘तुझी’ नाही, नंतर काही नाही.

तीनदा वाचलं मीही. तुझं अक्षर अजून तसंच आहे, ‘ळ’ पडायला आलेला.

आता माझी बातमी. मंगळवारी डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. फुंकर मारून बघायचं यंत्र असतं ते झालं. मी त्यांना म्हटलं, “सतरंज्या काढल्या, उदबत्ती बंद केली, मशीन लावलं, पंप घेते. महिनाभर झोपही चांगली लागतेय. आता मोठा ख्याल कधी गाता येईल?”

मुलीच्या वयाची आहे ती. तिने कागद बाजूला ठेवला आणि म्हणाली, “ताई, खोलीतली हवा आपण बदलू शकतो. छाती तीच राहणार. जेवढी आहे तेवढी नीट सांभाळायची. पूर्वीसारखी होईल असं मी तुम्हाला सांगणार नाही.”

मी हो म्हटलं. घरी आले. खोलीत निळा दिवा होता, खिडकीबाहेर थंडीतलं धुकं आणि धूळ एकमेकांत मिसळून पांढरं काहीतरी उभं होतं. आत मात्र आईच्या वेळीसुद्धा नव्हती इतकी स्वच्छ हवा. मी पांढरी पाचवर तंबोरा लावला. विलंबित सुरू केलं. पहिलं आवर्तन भरत आणलं आणि समेच्या अलीकडे श्वास संपला. पुन्हा केलं. पुन्हा तिथेच. जिन्याची शेवटची पायरी कोणीतरी काढून नेल्यासारखं. तिसऱ्यांदा मी केलं नाही.

तू म्हणाली होतीस ते झालं. शिकवण्या थांबवल्या आहेत. मुलांच्या आयांना सांगितलं, उन्हाळ्यानंतर बघू. रोहिणीलाही सांगितलं. जिना उतरताना तिच्या चपलांचा आवाज रागावलेला होता.

मी अजून दुपारी पडते, पण हल्ली देवळाली दिसत नाही. मशीन गुणगुणत असतं आणि मी त्याच्या आवाजाखाली तळ्याच्या तळाशी असावं तशी पडून असते. वरून ऊन येतं, जातं. काही दुखत नाही. इतकी छान हवा आणि तिच्यात कोणी गात नाही.

गुवाहाटीला तुझ्याकडे एक खोली रिकामी असते म्हणाली होतीस. अजून आहे का?

ताई

नाशिक, ८ फेब्रुवारी २०२६

माझी नंदू,

तुझं “कधी येतेस? तिकीट काढते” हे पत्र महिनाभर पेटीवर ठेवून आहे. उत्तर दिलं नाही, कारण काय द्यावं ते ठरत नव्हतं. आता सगळं क्रमाने सांगते.

संक्रांत होऊन गेली होती. शनिवारी सकाळी रोहिणी वर आली. मी म्हटलं, “शिकवणी बंद आहे.”

“शिकवू नका. शाळेत दिवसभर पोरांवर ओरडून माझा सूर कुठे गेलाय ते फक्त सांगा.”

ती मांडी घालून बसली, तंबोरा माझ्या हातात दिला आणि तिने सा लावला. तुला सांगते, रोहिणीचा आवाज काही फार गोड नाही. पण तिचा दम! पटांगणाच्या या टोकाहून त्या टोकाला हाक मारणारी बाई ती. सा लावला की माघारी फिरणंच नाही. जरासा चढला होता. मी बोटाने खाली म्हणून दाखवलं. ती उतरली, मशीनच्या गुणगुणण्यात बरोबर जाऊन बसली. ते इतकं नीट बसलं, की मला राहवेना. मी गंधारावरून आत शिरले.

आणि श्वास संपला. नेहमीच्या जागी.

फक्त या वेळी सूर संपला नव्हता. तो रोहिणीकडे होता. मी थांबले, छाती भरून घेतली, अगदी सावकाश, घाई न करता, आणि तिच्या सुरावर पाऊल ठेवून पुढे गेले. सम आली. रोहिणीचे डोळे मिटलेले होते, तिला काही कळलंही नाही. मी मात्र तंबोरा खाली ठेवून तिच्याकडे बघत राहिले.

त्या दिवसापासून ती रोज शाळेतून आली की वर येते. आम्ही तसं गातो. लांब ताना नाहीत. दोन-तीन सुरांचे लहान लहान तुकडे, आणि मध्ये जागा. आईने आपल्याला जागा भरायला शिकवलं होतं. मोकळ्या सोडलेल्या जागाही इतक्या बोलतात हे मला या वयात कळतंय. दुपारी देवळाली परत दिसायला लागली. आता स्वप्नात माझा आ मध्येच थांबतो, गवत हलतं, तोफ कुठेतरी वाजते, आणि मी परत सुरू करते. कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही, आईलासुद्धा नाही.

परवा आईची तिथी झाली. ठरवलं, की चार माणसं बोलवायची आणि गायचं. एका काकूंनी येताना उदबत्तीचा पुडा आणला आणि आईच्या फोटोपुढे लावायला काडी पेटवली. मी मोठ्याने म्हटलं, “इथे नाही.”  मग फुलाबाई उठली आणि तिने फोटोपुढे ओंजळभर शेवंती ठेवली. “हिचा वास घ्या की,” म्हणाली, “आन् धूर बी नाय.” माणसं जमली तशी खोलीतली हवा बदलली असणार, कोणीतरी अत्तरही लावून आलं होतं. मशीनचा दिवा पिवळा झाला आणि ते जरा जोरात श्वास घ्यायला लागलं. मी म्हटलं, थांबू या. सगळे माझ्याबरोबर गप्प बसून राहिले. लग्नाच्या मुहूर्ताला थांबतात तसे. दिवा निळा झाला, मशीन मंद झालं, आणि मी भूप सुरू केला.

आलापीत अडखळले. एकदा खोकलाही आला, खोटं कशाला बोलू. रोहिणी सुरावर बसून राहिली, मी पाणी प्यायले, परत आले. फार वेळ गायले नाही. संपलं तेव्हा बाहेर दिवेलागण होत होती आणि बंद काचेवर रस्त्याची धूळ सोन्यासारखी चिकटलेली दिसत होती. टाळ्या वगैरे कोणी वाजवल्या नाहीत. बुद्धभूषण शेवटपर्यंत दाराजवळ बसला होता. जाताना म्हणाला, “ताई, मला गाण्यातलं काही कळत नाही. पण तो एक खोकला सोडला, तर तुम्ही श्वासाला थांबलात कुठे, ते मला सापडलं नाही.”

म्हणून नंदू, मी गुवाहाटीला येत नाही. तिकीट काढू नकोस, निदान माझं तरी.

तुझ्यावर रागावून नाही हे लिहीत. तू गाणं बंद कर म्हणालीस तेव्हा तुला मी हवी होते, जिवंत हवी होते, हे मला समजतं. मशीन पाठवलंस तेही त्याचसाठी. मी जिवंत आहे. जाळी वेळेवर धुतली जाते. पंप सोडलेला नाही, सोडलेला नाही, सोडलेला नाही.

पण माझं एक काम आहे. रोहिणी सूर चांगला धरते, मात्र मी कुठून परत येणार ते तिला माहीत नसतं. ती फक्त धरून बसते. तुला ते माहीत आहे. लहानपणापासून तू माझ्या श्वासाशेजारी झोपलीस. मी कुठे थांबणार हे तुला माझ्याही आधी कळायचं. गळा बसला असेल तुझा इतक्या वर्षांत, माहीत आहे मला. बसू दे. आता आपण पांढरी पाचवर आहोत, फार चढावं लागत नाही. मी श्वास घेईपर्यंत सूर तुझ्याकडे ठेव, एवढंच. तुझा श्वास संपेल तेव्हा मी असेन.

होळीच्या आत ये. नंतर ऊन वाढतं, धूळही. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा सोडावी लागेल, पुढे रस्ता अजून खोदलेलाच आहे, सामान कमी आण. दार मी लावून ठेवते, म्हणजे धूळ आत येत नाही. बेल वाजव. मला उठून यायला जरा वेळ लागतो. तेवढ्यात निघून जाऊ नकोस.

तुझी
ताई